घरातली एक व्यक्ती

तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न दर वेळी एकच असतो: तुमच्या घरातल्या एका व्यक्तीबद्दल बोला. प्रश्न आधीपासून ठाऊक असूनही मी दोनदा नापास झाले, यावरून काय ते समजा. तसं इंग्रजी मला येतं. पेशंट कुठल्याही देशाचा असो, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, आता सुई टोचणार आहे, एवढं मी झोपेतही बोलेन. पण आमचं हॉस्पिटल नव्या मालकांनी घेतलं आणि त्यांचं एवढ्यावर भागेना. ज्याचा ज्याचा पेशंटशी संबंध येतो त्याने वरच्या पातळीची इंग्रजी परीक्षा द्यायची, असं फर्मान निघालं. संधी तीन. तिसऱ्यांदाही नापास झालात तर वॉर्ड सुटला, मग तळघरात जाऊन ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे वाफेच्या यंत्रात घालायचे आणि त्यांच्या पुड्या बांधायच्या. काम वाईट नाही. पण तिथे बोलायला माणूस नाही, आणि मी अर्धं आयुष्य माणसांच्या उशाशी काढलेलं आहे. ज्याची शीर कुणालाच सापडत नाही त्याच्यासाठी अजून मलाच बोलावतात. ती मी कात्र्यांच्या पुड्या बांधत बसणार, या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

मला शिकवायला घेतलं ते माझ्या धाकट्या जावेने. ती त्याच हॉस्पिटलात नोंदणीच्या काउंटरवर बसते. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, मीही. तिचंही परीक्षेला नाव लागलं होतं, पण तिची पहिलीच खेप. शिवाय ती लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे तिला कसली आलीय धास्ती.

क्लासमधून मी जड शब्दांची भली मोठी यादी आणली होती. शब्द पाठ करायचे आणि सकाळी उठून बघावं तर पालथ्या घड्यावर पाणी. धाकटीने ती यादी हातात घेतली, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "ताई, शब्द असे हवेत ठेवू नका. प्रत्येकाला घरातला एकेक माणूस देऊन टाका."

मग सुरू झालं आमचं. सासूबाई मेटिक्युलस, म्हणजे काम बारीकसारीक पाहून करणाऱ्या. सासरे ऑब्स्टिनेट, ह्या शब्दाला तर त्यांनी जन्मतःच हक्क सांगितला असावा. माझे यजमान प्रोक्रॅस्टिनेट करतात, म्हणजे बाथरूमचा नळ दुरुस्त करायचं काम आजचं उद्यावर आणि उद्याचं परवावर. दीर एक्स्ट्रॅव्हगंट, उधळे. ज्याला जो शब्द दिला त्याला दिवसभर त्याच शब्दाने पुकारायचं, असा धाकटीचा नियम. सासरे दोन दिवस स्वतःला ऑब्स्टिनेट म्हणवून घेत खुशीत होते, त्यांना वाटलं काहीतरी मोठी पदवी आहे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी अर्थ सांगितला आणि ते ऐकायलाच तयार होईनात, हा अर्थ चुकीचा आहे म्हणाले. शब्दाची परीक्षा तिथेच झाली.

यादीत काही शब्द असे होते की तिथे धाकटीची पेन्सिल थांबायची. रिझेंट, म्हणजे एखाद्याचं बरं झालेलं मनात सलणं. ग्रज, म्हणजे अढी. कंडिसेंडिंग, म्हणजे समोरच्याला कमी लेखून वरून गोड बोलणं. "ह्यांना आपल्याकडे माणूस नाही," असं म्हणून ती पुढच्या शब्दावर जायची. मी ते शब्द वहीत उतरवून घ्यायची.

खरं सांगायचं तर ती मला खुपायची. वयाने लहान, घरात माझ्यामागून आलेली, आणि मी तिच्यासमोर पाटी घेऊन बसल्यासारखी. माझं चुकलं की ती चिडायची नाही, हसायचीही नाही, शांतपणे पुन्हा सांगायची. माणसाने एकदा तरी चिडावं. सासूबाई माझ्याशी कामाचं बोलतात आणि हिच्याशी गप्पा मारतात. तीन वर्षांत हिने सगळं घर हातोहात जिंकलं, आणि तेही कुणाला न दुखावता, म्हणजे तक्रार करायलाही जागा ठेवली नाही.

पहिल्या प्रश्नासाठी आम्ही दोघींनी सासूबाईच तयार केल्या होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर दोन्ही डोळ्यांना पट्टी असताना त्यांनी घरभराचे धुतलेले कपडे नुसते हाताने चाचपून ज्याचे त्याचे वेगळे केले होते आणि एक मोजाही इकडचा तिकडे झाला नव्हता. गोष्ट खरी होती, छोटी होती आणि तिच्यात मेटिक्युलस, रेझिलियंट म्हणजे चिवट, इनडिस्पेन्सेबल म्हणजे ज्यांच्यावाचून अडतं, असे चांगले गलेलठ्ठ शब्द अलगद बसत होते. टेबलाच्या या बाजूने मी सांगायची, त्या बाजूने ती. महिनोन्‌महिने तीच गोष्ट, तेच शब्द, तोच क्रम. दोघींनी एकच गोष्ट सांगितली तर काय होईल, असा विचार दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही एकाच रिक्षाने गेलो. मोबाइल दाराशीच काढून घेतले. प्रतीक्षागृहात भिंतीला लागून खुर्च्या, समोर परीक्षेच्या खोलीचं दार, आणि टेबलाशी टाय घातलेला एक पर्यवेक्षक. त्याच्या डोक्यावर नवीन सूचना लावलेली होती. मागच्या दोन्ही वेळी ती नव्हती. मी सहज वाचायला घेतली.

एकाच दिवशी दोन उमेदवारांनी एकच तयार मजकूर सांगितल्याचं आढळलं तर दोघांचीही परीक्षा रद्द, आणि ती संधी वापरली असं धरलं जाईल.

हे का लावलं तेही मला लगेच कळलं. कुठल्याशा क्लासमधली झाडून सगळी मुलं बुडणाऱ्या माणसाला वाचवणाऱ्या आजोबांची गोष्ट सांगत होती, अशी चर्चा वॉर्डात झाली होती. आजोबा एक आणि नातवंडं वर्गभर. तेव्हा मी पोट धरून हसले होते.

मी धाकटीकडे पाहिलं. ती सूचनाच वाचत होती. तिचा चेहरा उतरला होता, आणि तो मी पहिल्यांदाच उतरलेला बघत होते. मी तिच्याकडे झुकले, तोंड उघडलं, तेवढ्यात पर्यवेक्षक म्हणाला, "बोलायचं नाही इथे. बोलायचं असेल तर दोघी उठा आणि घरी जा."

"साहेब, एकच शब्द," मी म्हणाले.

"एक शब्दही नाही. ही शब्दांचीच परीक्षा आहे."

विनोद करून तो स्वतःच खूश झाला. मला त्याच्या टायला लोंबकळावंसं वाटलं. शेजारच्या खुर्चीवर जावबाई, मध्ये वीतभर अंतर, आणि माझी सगळी नोकरी ह्या वीतभर अंतरात अडकलेली. सासूबाई कोण घेणार? तिने सांगितल्या आणि मीही सांगितल्या तर दोघींचीही परीक्षा रद्द. तिची तिनांतली एक संधी वाया जाईल, माझी शेवटची. मी डोळ्यांनी विचारायचा प्रयत्न केला. डोळ्यांनी फार तर पाणी मागता येतं, एवढा मोठा प्रश्न विचारता येत नाही.

आतून नाव पुकारलं. धाकटीचं.

ती उठली. दारापाशी पोचल्यावर वळली, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. एकदाच, ठामपणे, हो म्हणतात तशी. आणि आत गेली.

हो म्हणजे काय? मी घेते? की तुम्ही घ्या? मी ती मान मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिली. मग माझा मीच निकाल लावला. जी आधी जाते ती आधी उचलते, हा जगाचा नियम आहे. ती म्हणाली, मी सासूबाई घेते, तुमचं तुम्ही बघा. तिचं काय जातं! ती काहीही बोलली असती तरी पास झाली असती, पण तिला तयार ताटच हवं. घरात सासूबाई तिच्या, इथेही तिच्याच.

दुसरं कुणी घ्यावं का? सासरे? यजमान? पण टेबलावर आम्ही सगळ्यांनाच शब्द वाटून दिले होते. परीक्षकांनी धाकटीला पुढे घरातल्या आणखी कुणाबद्दल विचारलं असलं आणि तिने ऑब्स्टिनेट सासऱ्यांची पदवीची गोष्ट सांगून टाकली असली तर? आमच्या घरातलं एकही माणूस असं उरलं नव्हतं की ज्याला तिने आणि मी तेच कपडे चढवले नव्हते. फक्त एक माणूस सोडून. ती स्वतः. तिच्याबद्दल ती तरी बोलणार नाही. आणि तिच्यासाठी मी एकही शब्द तयार केलेला नव्हता.

बाहेर पडायचं दार दुसरीकडे होतं, त्यामुळे ती परत दिसलीच नाही. माझं नाव पुकारलं.

परीक्षक बाई किडकिडीत होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आवाज टिपायच्या यंत्राचं बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि ठरलेला प्रश्न आला. मी म्हणाले, मी माझ्या धाकट्या जावेबद्दल बोलणार आहे. ती माझ्या दिराची बायको आहे. ती चांगली आहे.

एवढं बोलले आणि माझी गाडी थांबली. बाई वाट बघत होत्या. मी म्हणाले, ती फार चांगली आहे. ती सगळ्यांना मदत करते. हे बोलताना मला स्वतःलाच लाज वाटली, पहिलीतली मुलं गाईवर बोलतात तसं मी बोलत होते. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. नापास होणाऱ्याला ती पेनाची हालचाल ओळखता येते, मी दोनदा पाहिलेली होती. तळघरातल्या त्या वाफेच्या यंत्राचा वास माझ्या नाकात आला, खरंच आला.

"तिच्याबद्दल बोलताना तुम्ही अवघडलेल्या दिसता," बाई इंग्रजीत म्हणाल्या. आवाजात दया नव्हती, नुसती चौकशी होती. "का?"

आता का म्हणजे काय सांगू? आत्ता दारात मान हलवून माझी सासू घेऊन गेली म्हणून, असं सांगू? पण त्या का-ने काहीतरी सैल केलं. मी म्हणाले, कारण मी तिला रिझेंट करते.

बाईंनी मान वर केली.

मग मी थांबले नाही. अडखळत, क्रियापदं इकडची तिकडे करत, पण थांबले नाही. म्हणाले, ती माझ्यामागून आली आणि माझ्या पुढे गेली. तिने कधी मला दुखावलं नाही, त्यामुळे माझ्याकडे अढीला कारणसुद्धा नाही, तरी माझ्या मनात ग्रज आहे. ती मला शिकवते तेव्हा अजिबात कंडिसेंडिंग नसते. ती तशी असती तर मला सोपं गेलं असतं, मी भांडले असते. ती धीराने शिकवते आणि मी मनातल्या मनात तिचे दोष शोधत बसते. अजून एकही सापडला नव्हता. आज सकाळी एक सापडला आणि मला बरं वाटलं.

"बरं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"हो. आणि बरं वाटलं याची शरम वाटली. तुम्ही कुणाचं मीठ खाता आणि तरी..." मिठाचं इंग्रजी मला जमेना. मी हात झाडला. "आत्ता तिच्याविरुद्ध मी जे शब्द वापरतेय ना, ते सगळे मला तिनेच शिकवलेत."

यानंतर बाईंनी ठरलेल्या कागदावरचे प्रश्न बाजूला ठेवले आणि आम्ही बोलत राहिलो. घरात नवीन माणूस आल्यावर जुन्याला काय वाटतं, वॉर्डात नवी नर्स येते तेव्हा काय होतं, असलं काहीबाही. मध्येच केव्हातरी लाल दिवा विझला, मला कळलंही नाही.

बाहेर आवारात धाकटी कागदी पेल्यात चहा घेऊन उभी होती. माझाही आणला होता. "कसं झालं, ताई?"

"डोकं दुखतंय. निकाल लागेपर्यंत काही विचारू नकोस," मी म्हणाले. चहा घेतला, तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्याविषयी एका परक्या बाईला इतकं सांगून आल्यावर तिच्या हातचा चहा मी नुसताच धरून ठेवला. ती पेल्याची कड नखाने कुरतडत राहिली. एरवी ती अशा वेळी काहीतरी हलकंफुलकं बोलते.

दुपारी तिथेच वरच्या मजल्यावर निकालाच्या चिठ्ठ्या मिळाल्या. मी माझी उलगडली. पास. खाली परीक्षकांचा शेरा होता: बोलणं अडखळत, पण स्वतःचं. शब्दांचा वापर नेमका.

वॉर्ड राहिला. शेरा मी दोनदा वाचला. मग धाकटीकडे वळले. ती चिठ्ठी हातात धरून तीच ओळ परत परत वाचत होती. मी डोकावले. नापास. शेरा: सफाईदार, पण पाठ केलेलं. मनापासूनचं वाटत नाही.

मला काय वाटलं ते सांगते. आधी क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःची किळस आली.

"पाठ केलेलं तर होतंच की," मी समजुतीच्या सुरात म्हणाले. "सासूबाईंची गोष्ट इतक्या वेळा घोकली आपण. परीक्षकांना ते कळतं. तुला अजून दोन संधी आहेत."

"सासूबाई नव्हत्या सांगितल्या मी," धाकटी म्हणाली. "त्या तुमच्यासाठी सोडल्या होत्या. तुमची शेवटची वेळ ना. मी दारातून मान हलवून सांगितलं होतं तुम्हाला, की तुम्ही घ्या."

मी तिच्या हातातली चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"मग तू कुणाबद्दल बोललीस?"

"तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल? ते कधी तयार केलंस?"

"खूप आधी." तिने चिठ्ठीची घडी घातली, परत उलगडली. "मी घरात नवीन आले तेव्हा मला ताप आला होता, तुम्ही ड्यूटीवरून येऊन माझ्याजवळ बसायच्या. बोलायच्या नाहीत काही. नुसतं कपाळावर हात ठेवायच्या आणि सासूबाईंना सांगायच्या, हिला उठवू नका. माझी आई अशी कधी बसली नाही. ते मला तुम्हाला सांगायचं होतं, पण तुमच्यासमोर आले की तुम्ही अशा बघता की धीरच होत नाही. म्हणून इंग्रजीत लिहिलं. चांगले शब्द शोधले. बाथरूममध्ये नळ सोडून रोज म्हणायचे." ती जराशी हसली. "म्हणजे पाठ होतंच. त्यांचं काही चुकलं नाही."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तीही शेजारी बसली, वीतभर अंतर ठेवून. बाकीचे उमेदवार चिठ्ठ्या घेऊन आमच्या बाजूने उतरत होते, आम्हाला सरका म्हणत होते.

"तुम्ही सासूबाई सांगितल्या ना?" तिने विचारलं. "मोज्याची गोष्ट आवडली का त्यांना?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. हो म्हटलं असतं की संपलं. पण आजच्या दिवसात ती माझ्यासाठी एक माणूस सोडून बसली होती, आणि वर नापासही झाली होती.

"नाही," मी म्हणाले. "मला वाटलं सासूबाई तू घेतल्यास. मी तुझ्याबद्दल बोलले."

तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला मला बघवेना. "काय बोललात?"

"तू मला खुपतेस असं. तुझं चांगलं झालेलं मला सलतं. तू इतकी चांगली आहेस त्याचाच मला राग येतो. आणि आज तू मला दगा दिलास असं समजून मला बरं वाटलं, असंही."

इंग्रजीत हे सगळं बोलताना मी अडखळले होते. मराठीत एका दमात आलं. धाकटी समोर बघत राहिली. मी तिच्या रडण्याची वाट बघत होते, चिडण्याची तर फारच बघत होते.

"आणि ते त्यांना खरं वाटलं?" शेवटी तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "म्हणून तर पास झाले."

तिने मान हलवली, सकाळी हलवली होती तशी नव्हे, हळूच. मग उठली, पदराने डोळे पुसले आणि जिना उतरू लागली. मी मागोमाग निघाले. वळणावर तिने हात मागे केला, मी धरावा म्हणून की कठडा धरायला, मला समजेना. मी तो धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.